भाड्याचं सॉफ्टवेअर, आपल्या फायली

मागच्या महिन्यात गावातल्या वाचनालयाचे दोन कार्यकर्ते दुकानात आले. अमृतमहोत्सवाची स्मरणिका काढायची आहे, आणि सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेतले काही लेख त्यात पुन्हा घ्यायचे आहेत. जुनी सीडी नीट जपून ठेवलेली होती, प्लास्टिकच्या पिशवीत, वर नाव-तारीख घालून. सीडी चालली, पण फायली उघडल्या नाहीत. ज्या प्रोग्रॅममध्ये अंक लावला होता तो आता कोणाकडे नाही. एक-दोन फायलींतला मजकूर कसाबसा बाहेर काढला, तर मराठीऐवजी नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं, कारण तो जुना फॉन्टही गेला. शेवटी छापील प्रत समोर ठेवून एकशे बारा पानं पुन्हा टाइप करायला बसलो. अजून चालूच आहे.

हे सांगायचं कारण, गेल्या आठवड्यात इथे कोणीतरी विचारलं होतं की दर महिन्याला पैसे भरायचं डिझाइनचं सॉफ्टवेअर सोडून दुसरं काही वापरावं का. खाली शंभरेक कमेंट आल्या, आणि जवळजवळ सगळ्या एकाच गोष्टीवर: किती रुपये वाचतील. मला वाटतं तो दुसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न असा, की पैसे भरणं थांबवल्यावर तुमचं स्वतःचं काम तुम्हाला उघडता येईल का?

थोडा इतिहास. अडोबीचं सीएस6 आलं 2012 साली. पेटीत मिळायचं, एकदा पैसे भरले की वर्षानुवर्षं चालायचं. अमेरिकेत एकट्या फोटोशॉपची किंमत 699 डॉलर, म्हणजे स्वस्त मुळीच नव्हतं. पण ते तुमच्या मशीनवर तुमचं होतं. मे 2013 मध्ये कंपनीने जाहीर केलं की यापुढच्या नव्या आवृत्त्या फक्त वर्गणीवर मिळणार. म्हणजे घर विकत घेण्याची सोयच बंद, आता फक्त भाडं. आणि वर्गणी सोडणंही सोपं नाही. वर्षाचा करार आणि महिन्याचा हप्ता अशी योजना घेतली, तर मध्येच सोडताना उरलेल्या रकमेच्या निम्मे पैसे भरायचे. ही अट ग्राहकाला नीट दिसेल अशी सांगत नाहीत, असा आरोप करत अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने जून 2024 मध्ये कोर्टात दावा लावला. कंपनीने आरोप नाकारले.

आता आपल्याकडचं खरं बोलू. तालुक्याच्या गावात हे भाडं भरतं कोण? फ्लेक्सवाले, लग्नपत्रिकावाले, अल्बमवाले, सगळ्यांना माहीत आहे. पेन ड्राइव्हवर क्रॅक फिरतो, आणि तो टाकून देणारा पोरगा दोनशे रुपये घेतो. मीही बरीच वर्षं तेच केलं, उगाच साळसूदपणाचा आव आणत नाही. पण या ‘फुकट’चा सर्वात जास्त फायदा कोणाला झाला ते बघा. आपल्या दोन पिढ्यांनी एकाच कंपनीचा प्रोग्रॅम शिकला, तोच शिकवला, त्याच्याच फायली एकमेकांना पाठवल्या. कंपनीला शिकवण्यावर आपल्या तालुक्यात एक रुपया खर्च करावा लागला नाही. उद्या धंदा वाढला, जीएसटीत आलात, बाहेरची कामं घ्यायला लागलात, नोटीस आली, की भाडं भरायला तुम्ही तयार. दुसरं काही येतच नाही ना!

आणि भाडेकरूला घरमालक कधीही बाहेर काढू शकतो. ऑक्टोबर 2019 मध्ये अमेरिकी सरकारच्या निर्बंधांमुळे व्हेनेझुएलातली सगळी खाती बंद करतो असं अडोबीने जाहीर केलं होतं. नंतर परवाना मिळाला आणि सेवा चालू राहिली, पण ते काही आठवडे तिथल्या फोटोग्राफरांनी कसे काढले असतील? आपल्याकडचं उदाहरण हवं असेल तर जुलै 2025 बघा. गुजरातमध्ये वाडीनारला तेलशुद्धीकरण कारखाना असलेल्या नायरा एनर्जीच्या सेवा मायक्रोसॉफ्टने युरोपीय निर्बंधांचं कारण देऊन थांबवल्या. कंपनी दिल्ली हायकोर्टात गेली, मग सेवा परत सुरू झाल्या. एवढ्या मोठ्या कंपनीचा ईमेल बंद पडू शकतो, तर आपलं काय घेऊन बसलात.

बरं, मग पर्याय. इथे मी कोणाला गुलाबी चित्र दाखवणार नाही.

मराठी माणसाने कुठलाही नवा प्रोग्रॅम घेतला की पहिली परीक्षा एकच: ‘कर्तृत्व, विद्यार्थी, महाराष्ट्र’ हे तीन शब्द टाइप करून बघायचे. रफार जागेवर बसला, ऱ्हस्व इकार अक्षराच्या आधी आला, जोडाक्षर जुळलं, तर पुढचं बोलू. अफिनिटीचं मोठं नाव ऐकाल. पण तिच्या आवृत्ती 2 पर्यंत देवनागरीला नीट आधारच नव्हता, मात्रा-वेलांट्या सैरावैरा. इंग्रजी काम करणाऱ्याला ती उत्तम, पत्रिका छापणाऱ्याला निरुपयोगी. उलट इंकस्केप आणि जिंप या फुकट आणि मुक्त प्रोग्रॅमांत युनिकोड मराठी व्यवस्थित बसते. अंक लावायला स्क्रायबस आहे. त्याची 1.6 आवृत्ती जानेवारी 2024 मध्ये आली, आणि तीत जोडाक्षरं बरोबर येतात.

दुसरी परीक्षा छपाईची. जिंप आतून आरजीबीतच काम करतो. छपाईसाठी सीएमवायके फाईल बाहेर काढता येते, पण फोटोशॉपसारखं थेट सीएमवायकेत बसून रंग जुळवणं होत नाही. क्रितामध्ये ते होतं. स्क्रायबस प्रेसला चालणारी पीडीएफ देतो. म्हणजे एका प्रोग्रॅमऐवजी तीन वापरायचे, तिन्हींची बटणं वेगळ्या जागी, आणि पहिला महिनाभर हात जुनेच शॉर्टकट दाबत राहतो. चिडचिड होते. लग्नसराईत तर हा उद्योग सुरूच करू नका, पावसाळ्यात करा. व्हिडिओवाल्यांचं त्या मानाने बरं आहे, दाविंची रिझॉल्व्हच्या फुकट आवृत्तीत लग्नाचा सिनेमा आरामात कापून होतो.

पण ‘फुकट’ आणि ‘आपलं’ यात फरक आहे. अफिनिटी आधी एकदाच पैसे भरून मिळायची. मार्च 2024 मध्ये कॅनव्हाने ती कंपनी विकत घेतली, आणि ऑक्टोबर 2025 मध्ये नवी आवृत्ती फुकट केली. खातं मात्र कॅनव्हाचं काढावं लागतं, आणि एआयची साधनं हवी असतील तर कॅनव्हाची वर्गणी. आज मालक उदार आहे, छान. उद्याचं कोण सांगणार? 2005 मध्ये अडोबीने मॅक्रोमीडिया घेतली, आणि दोनच वर्षांत फ्रीहँडचा विकास थांबवला. ज्यांनी आयुष्यभर त्यात चित्रं काढली त्यांना विचारा. इंकस्केप किंवा जिंपचं असं होऊ शकत नाही. मूळ कोड सगळ्यांसाठी खुला आहे, एकाने सोडला तर दुसरा पुढे नेतो.

होतं का हे खरंच, असं विचाराल. केरळात ‘जनयुगम’ नावाचं मल्याळम दैनिक आहे. जुन्या पेजमेकरमध्ये युनिकोड चालत नव्हतं, नव्या सॉफ्टवेअरचं भाडं झेपत नव्हतं. 2019 मध्ये त्यांनी अख्खं दैनिक स्क्रायबस, जिंप, इंकस्केपवर नेलं. रोजचं वर्तमानपत्र, रोजची डेडलाइन! तिथल्या सरकारी शाळांत मुलं जिंप आणि इंकस्केप पाठ्यपुस्तकातून शिकतात. आणि आपल्याकडे? डीटीपीच्या वर्गाचे बोर्ड बघा गावात, अजून फोटोशॉप, कोरल, आणि कुठेकुठे 2001 नंतर नवी आवृत्तीच न निघालेला पेजमेकर.

म्हणून माझं म्हणणं दुकानदारांपुरतं नाही. तुम्ही-मी काय वापरायचं ते आपण आपलं बघू. पण नगरपालिकेचं माहितीपत्रक, कॉलेजचं नियतकालिक, पंचायत समितीचा अहवाल हे लोकांच्या पैशातून होतं. ते काम देताना डिझाइनरकडून फक्त छापील प्रती नकोत. मजकूर युनिकोडमध्ये, मूळ फाईल खुल्या प्रकारात, आणि सोबत पीडीएफ, ही अट कामाच्या आदेशात एका ओळीत बसते. खर्च शून्य. फॉन्टचं निमित्तही आता चालणार नाही. एक टाइपचे मुक्ता आणि बलू मोफत आहेत, राज्य मराठी विकास संस्थेचा यशोमुद्रा आहे. कॉलेजच्या लॅबमध्ये दहा मशीनवर क्रॅक टाकून मुलांना शिकवण्यापेक्षा, जे घरी कायदेशीर नेता येईल ते शिकवा.

ज्यांना वर्गणी सोडायचीच आहे त्यांनी एक करा. बंद करायच्या आधी, प्रोग्रॅम चालू असतानाच, सगळ्या कामांच्या प्रती काढून ठेवा. इनडिझाइनची मूळ फाईल स्क्रायबसला उघडत नाही, आयडीएमएल म्हणून सेव्ह केली तर बऱ्यापैकी येते. इलस्ट्रेटरची कामं एसव्हीजी आणि पीडीएफ दोन्हीत काढा. वर्गणी संपल्यावर हे सुचलं तर पुन्हा एक महिन्याचं भाडं भरावं लागेल.

आणि कोणाच्या कपाटात जुन्या स्मरणिका, दिवाळी अंक, कुळवृत्तांताच्या पेजमेकर फायली पडल्या असतील, तर फेकू नका. लिबरऑफिस ड्रॉमध्ये त्यातल्या बऱ्याच उघडतात, अक्षरं बदलायचं काम तेवढं वेगळं. रविवारी सकाळी दुकान बंद असतं पण मी असतो. सीडी घेऊन या, आणि छापील प्रत असेल तर तीही आणा.