पडून असलेल्या बॅटरीचे व्याज

विद्युत मोटार घेण्याचा विचार घरात निघाला, की चर्चा हमखास एका प्रश्नापाशी अडते. पेट्रोल पाच मिनिटांत भरता येते, मग चार्जिंगसाठी तासभर थांबायचे कशाला? स्वयंपाकाच्या गॅसचे सिलिंडर जसे बदलून मिळते, तशी रिकामी बॅटरी देऊन भरलेली का मिळू नये? प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर मात्र यंत्रशास्त्राइतकेच हिशेबाच्या वहीतही शोधावे लागते.

सिलिंडरची उपमा येथे थोडी अपुरी पडते. विद्युत मोटारीत साठणारी वीज काही शे रुपयांची, तर ती धरून ठेवणारी बॅटरी काही लाखांची असते. मोटारीतील सर्वांत महाग भाग तोच. बॅटरी बदलून देणारे केंद्र चालवायचे, तर गाड्यांमध्ये बसवलेल्या बॅटऱ्यांखेरीज आणखी बॅटऱ्या तयार ठेवाव्या लागतात. परत आलेली बॅटरी लगेच दुसऱ्याला देता येत नाही. तिलाही भरावे लागते. तासाला २० गाड्यांना सेवा द्यायची असेल आणि एक बॅटरी भरण्यास एक तास लागत असेल, तर सुमारे २० शिलकी बॅटऱ्या व त्या एकाच वेळी भरण्याची सोय हवी. म्हणजे चार्जिंगचा वेळ नाहीसा होत नाही. तो गिऱ्हाइकाकडून निघून केंद्रचालकाच्या भांडवलात जाऊन बसतो. त्या भांडवलाचे व्याज अखेर भाड्यातूनच वसूल होणार.

त्यात हंगामाची भर पडते. दिवाळीच्या सुट्टीत मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर गाड्यांच्या रांगा लागतात. त्या चार दिवसांच्या मागणीइतका साठा केला, तर तो उरलेले वर्ष पडून राहील; न केला, तर ऐन गरजेच्या वेळी गिऱ्हाईक रिकाम्या हाताने परतेल. सणासुदीचा माल भरणाऱ्या दुकानदाराला हा पेच नवा नाही. पण त्याचा उरलेला माल सवलतीत निघून जातो. बॅटरी मात्र न वापरताही वयोमानाने हळूहळू झिजत राहते.

या हिशेबाची किंमत इस्रायलमध्ये मोजली गेली. शाई अगासी यांनी २००७ मध्ये स्थापन केलेल्या ‘बेटर प्लेस’ कंपनीने सुमारे ८५ कोटी डॉलर उभारले. यंत्राच्या साहाय्याने काही मिनिटांत बॅटरी बदलून देणारी केंद्रे तिने बांधली आणि ती चालवूनही दाखवली. परंतु त्या पद्धतीची एकच मोटार बाजारात आली, ती रेनॉची ‘फ्लुएन्स’. इस्रायल व डेन्मार्क मिळून दीड हजार गाड्याही रस्त्यावर आल्या नाहीत आणि मे २०१३ मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली. यंत्र चालले, उलाढाल झाली नाही. अन्य मोटार कंपन्यांनी बॅटरीचे माप, आकार व जागा एकसारखी ठेवण्यास संमती दिली नाही, हे त्यामागचे मोठे कारण होते.

चीनमधील ‘निओ’ने हाच मार्ग २०१८ पासून नेटाने चालवला असून तिची तीन हजारांहून अधिक केंद्रे आहेत. तेथे मोटार, बॅटरी व केंद्र या तिन्ही गोष्टी एकाच कंपनीच्या हाती असल्यामुळे मापाचा प्रश्न सुटला. तरीही २०२४ अखेरपर्यंत कंपनीला एकाही वर्षी नफा दिसला नाही.

फास्ट चार्जिंगलाही मर्यादा आहेत. बॅटरी भरत आली की तिच्यात वीज त्याच वेगाने ढकलता येत नाही. म्हणून सुमारे ८० टक्क्यांनंतर वेग मंदावतो. प्रवासात ८० टक्क्यांवर निघणे शहाणपणाचे, ते याचमुळे. मार्च २०२५ मध्ये ‘बीवायडी’ने पाच मिनिटांत ४०० किलोमीटरपुरती वीज भरण्याचे तंत्र जाहीर केले. त्यास १,००० किलोवॅट क्षमतेचा चार्जर लागतो, म्हणजे प्रत्येकी ५ किलोवॅट भाराच्या २०० घरांइतका भार एका गाडीसाठी. येथे भांडवल बॅटरीत नव्हे, तर रोहित्र व वीजजोडणीत अडकते. मात्र असा चार्जर अनेक कंपन्यांच्या गाड्यांना चालू शकतो, हा त्याचा मोठा गुण.

मग बॅटरी बदलण्याची पद्धत निरुपयोगी म्हणावी काय? तसे नाही. जेथे गाड्या एकसारख्या, बॅटरी लहान आणि थांबलेला प्रत्येक तास म्हणजे बुडालेली कमाई, तेथे ती शोभते. बाजारपेठेत माल पोहोचवणारा तीनचाकी टेम्पो व प्रवासी रिक्षा ही तिची खरी क्षेत्रे. केंद्र सरकारने ऑगस्ट २०२० मध्ये बॅटरीविना विद्युत दुचाकी व तीनचाकींच्या नोंदणीस अनुमती दिली, आणि नीती आयोगाने एप्रिल २०२२ मध्ये मांडलेल्या धोरणाच्या मसुद्यातही भर याच वाहनांवर होता.

येथे एक गल्लत टाळावी. बॅटरी भाड्याने घेणे म्हणजे बॅटरी बदलणे नव्हे. सप्टेंबर २०२४ मध्ये ‘एमजी विंडसर’ बॅटरीशिवाय ९.९९ लाखांना व बॅटरीसह सुमारे साडेतेरा लाखांना जाहीर झाली. भाडे होते किलोमीटरला साडेतीन रुपये. बॅटरी गाडीतच राहते आणि तिचे चार्जिंग मालकालाच करावे लागते. फरक साडेतीन लाखांचा, म्हणजे व्याज बाजूला ठेवल्यास एक लाख किलोमीटरला हिशेब बरोबर होतो. ज्याचे फिरणे थोडे, त्याला भाडे परवडेल, मात्र करारातील किमान मासिक किलोमीटरची अट आधी वाचावी. ज्याचे फिरणे फार, त्याने बॅटरी विकत घेणे बरे.

घरच्या मोटारीचा निर्णय त्यामानाने सोपा आहे. रोजचे तीस-चाळीस किलोमीटर वाहनतळावरील साध्या चार्जरवर रात्रीत भरून निघतात. फास्ट चार्जिंगची गरज लांबच्या प्रवासापुरतीच उरते. म्हणून मोटार पाहण्यापूर्वी सोसायटीकडून चार्जर बसवण्याची लेखी परवानगी घ्यावी. पेढीच्या टेम्पोंसाठी मात्र रोजच्या फेऱ्या मोजाव्यात, बदल केंद्र वाटेवर आहे का हे पाहावे आणि शेवटी एक प्रश्न विचारावा : हे केंद्र उद्या बंद पडले, तर ही गाडी दुसऱ्या कोणत्या मार्गाने चार्ज करता येईल? उत्तर समाधानकारक असेल, तरच सौदा पक्का करावा.