बिनपगारी खेळाडूचे देणे

थोर खेळाडू मैदानातून निवृत्त झाला की त्याच्या चाहत्यांत दोन प्रकारचे हिशेब सुरू होतात. एक हिशेब वहीतला : किती सामने, किती गोल, किती पदके. दुसरा मनातला, त्याला आकडे नसतात, आणि म्हणूनच त्यावर वाद अधिक होतात. आयर्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला असलेल्या केरी परगण्यात २०१७ सालच्या एप्रिल महिन्यात हे दोन्ही हिशेब एकदमच उघडले गेले. गेलिक फुटबॉलमधील अग्रगण्य खेळाडू कोलम कूपर याने परगण्याच्या संघातून निवृत्ती जाहीर केली होती.

गोव्यातील आमच्या वाचकांनी 'केरी' हे नाव वाचून सत्तरीकडे पाहू नये; हा केरी परगणा सरोवरांचा आणि डोंगरांचा असला, तरी अटलांटिक महासागराच्या काठचा. पण आयर्लंड आपल्याला अगदीच परके आहे, असेही कोणी समजू नये. कूपर निवृत्त झाला त्याच वर्षीच्या जून महिन्यात, मालवण तालुक्यातील वराड गावाहून परदेशी गेलेल्या एका डॉक्टरांचे चिरंजीव लिओ वराडकर त्या देशाचे पंतप्रधान झाले, हे वाचकांना स्मरत असेलच.

हा खेळ आपल्या परिचयाच्या फुटबॉलहून निराळा आहे. प्रत्येक बाजूस पंधरा गडी. चेंडू हातात घेता येतो आणि पायानेही मारता येतो. मात्र हाती धरून चार पावलांहून अधिक धावता येत नाही. मग तो जमिनीवर आपटून घ्यावा लागतो किंवा पायाच्या चवड्यावरून पुन्हा हातात उडवून घ्यावा लागतो. मैदानाच्या दोन्ही टोकांना इंग्रजी 'एच' अक्षराच्या आकाराचे खांब असतात. आडव्या दांडीखालून चेंडू जाळ्यात गेला तर गोल, त्याचे तीन गुण. दांडीवरून गेला तर एक गुण. २०२५ पासून चाळीस मीटरच्या कमानीबाहेरून दांडीवरून मारलेल्या चेंडूस दोन गुण मिळू लागले आहेत. कूपरच्या काळी ती सोय नव्हती.

या खेळामागे एक मोठी संस्था उभी आहे. १ नोव्हेंबर १८८४ रोजी थर्ल्स या गावातील एका हॉटेलात मूठभर माणसे जमली आणि त्यांनी गेलिक अॅथलेटिक असोसिएशनची स्थापना केली. तिचे मुख्य प्रवर्तक मायकेल क्युसॅक हे पेशाने शिक्षक होते, हे नमूद करताना आम्हांस व्यवसायबंधू म्हणून थोडा अभिमान वाटतो. परसत्तेखाली असलेल्या देशाने आपले जुने खेळ जपावेत, ही त्यामागची कळकळ होती. आर्चबिशप क्रोक हे संस्थेचे पहिले आश्रयदाते. डब्लिनमधील ब्याऐंशी हजारांहून अधिक प्रेक्षकांचे क्रोक पार्क हे त्यांचेच नाव मिरवते. याच मैदानावर २१ नोव्हेंबर १९२० रोजी सामना चालू असता ब्रिटिश सत्तेच्या सशस्त्र दलाने गोळीबार केला व चौदा जण मृत्युमुखी पडले. त्यांत टिपररी संघाचा खेळाडू मायकेल होगन होता. मैदानावरील एका प्रेक्षागाराला आज त्याचे नाव आहे. अशा भूमीवर खेळला जाणारा खेळ केवळ करमणूक राहत नाही, हे उघड आहे.

या संस्थेचा एक मूळ नियम असा, की खेळाडूला खेळण्याचे वेतन मिळत नाही. ब्याऐंशी हजार माणसे तिकीट काढून ज्यांना पाहायला येतात ते पंधरा जण सोमवारी सकाळी आपापल्या कामावर हजर असतात : कोणी शाळेत, कोणी शेतावर, कोणी बँकेत. प्रवासखर्च मिळतो, अलीकडच्या काळात सरकारकडून थोडे अनुदानही मिळते. पण पगार नाही. दुसरा रिवाज त्याहून महत्त्वाचा. खेळाडू सामान्यतः आपल्या गावच्या, आपल्या चर्चच्या परिसरातील क्लबकडून खेळतो आणि त्यातून निवड झाली तर आपल्या परगण्याकडून. श्रीमंत परगण्याने गरीब परगण्याचा खेळाडू पैसे टाकून उचलून नेला, असे येथे घडत नाही. जो जिथला, तो तिथला.

कोलम कूपर हा किलार्नी गावचा. जन्म १९८३ चा. तेथील डॉ. क्रोक्स क्लब १९९२ साली अखिल आयर्लंड क्लब स्पर्धेच्या अंतिम सामन्यात उतरला, तेव्हा संघाबरोबर शुभचिन्ह म्हणून तांबूस केसांचा एक आठ वर्षांचा मुलगा चालत होता. तोच हा कूपर. एका बाहुल्याशी त्याचे साम्य पाहून सोबत्यांनी त्याला 'गूच' हे टोपणनाव दिले आणि ते जन्माचे चिकटले. क्लबने तो सामना जिंकला. पुढे तसे यश पुन्हा मिळण्यास पंचवीस वर्षे लागली. २०१७ च्या १७ मार्चला, सेंट पॅट्रिकच्या सणादिवशी, डॉ. क्रोक्सने स्लॉटनील संघाला हरवून ते पद पुन्हा मिळवले. त्या सामन्यातील क्रोक्सचा एकमेव गोल कूपरचा होता. त्यानंतर तीन आठवड्यांच्या आत त्याने केरीची जर्सी खाली ठेवली.

आता वहीतला हिशेब. २००२ ते २०१६ या काळात केरीकडून अजिंक्यपदाचे ८५ सामने. त्यांत २३ गोल आणि २८३ गुण. वर्षातील सर्वोत्तम पंधरा खेळाडूंना मिळणारा 'ऑल स्टार' सन्मान आठ वेळा. २००४, २००६, २००७ आणि २००९ ही चार अजिंक्यपदे मैदानावर खेळून मिळवलेली. पाचवे २०१४ चे. पण त्या वर्षी फेब्रुवारीत क्लबकडून खेळताना त्याचा गुडघा निकामी झाला होता, आणि अंतिम सामन्यात तो राखीव खेळाडूंतच बसून राहिला.

मनातला हिशेब मात्र याहून गुंतागुंतीचा. केरीचे चाहते प्रथम २००४ चा मेयोविरुद्धचा अंतिम सामना आठवतात. शरीराने किरकोळ असा हा एकवीस वर्षांचा पोरगा उंच आलेला चेंडू झेलतो, धिप्पाड बचावपटूला एका हुलकावणीने मागे टाकतो आणि डाव्या पायाने चेंडू जमिनीलगत जाळ्यात सरकवतो. त्यात कुठे जोर नाही, आदळआपट नाही. दोन्ही पाय सारखेच चालणारा हा खेळाडू धावण्यापेक्षा थांबण्यात वाकबगार होता. सर्वजण घाईत असताना त्याला वेळ कुठून मिळे, हे कोडे त्याच्या प्रतिस्पर्ध्यांनाही सुटले नाही.

आम्हांस अधिक विचार करण्यासारखी वाटते ती दुसरी गोष्ट. जाणते रसिक त्याच्या सर्वोत्तम खेळांत २०१३ च्या उपांत्य सामन्याची हटकून गणना करतात. समोर डब्लिन. कूपर आपली नेहमीची गोलजवळची जागा सोडून मधल्या फळीत उतरला आणि पूर्वार्धात त्याने अशा नेमक्या जागी चेंडू पोहोचवले की, सहकाऱ्यांना गोल करण्यावाचून दुसरे काही उरले नाही. केरीने तीन गोल केले. तरीही अखेर डब्लिन सात गुणांनी जिंकले. ज्या सामन्याने पदक दिले नाही, ज्यात उत्तम काम दुसऱ्यांच्या नावे जमा झाले, तो सामना लोक जपून ठेवतात. वहीतल्या हिशेबाला हे कधीच उमगणार नाही.

आक्षेप घेणारेही आहेत, आणि त्यांचे म्हणणे ऐकले पाहिजे. २००५ आणि २००८ च्या अंतिम सामन्यांत टिरोन परगण्यापुढे केरीची मात्रा चालली नाही. २०११ साली कूपर स्वतः कर्णधार होता. डब्लिनविरुद्ध त्याने गोलही केला; परंतु अखेरच्या क्षणी डब्लिनचा गोलरक्षक स्टीफन क्लक्स्टन याने पुढे येऊन मारलेल्या फटक्याने केरी एका गुणाने हरले, आणि अजिंक्यपदाचा सॅम मॅग्वायर चषक कर्णधार म्हणून उचलण्याचा योग कूपरला पुन्हा आला नाही. मिक ओड्वायर यांच्या मार्गदर्शनाखाली १९७५ ते १९८६ या काळात आठ अजिंक्यपदे मिळवणारा केरीचा जुना संघ ज्यांनी पाहिला, त्यांच्या तुलनेच्या तराजूत कूपरचे पारडे थोडे वर जाते. तथापि तराजू बाजूला ठेवून विचारावे : कूपरने चेंडू घेतला की मैदानभर जी शांतता पसरे, ती किती जणांच्या वाट्याला आली?

निवृत्तीनंतर सहा महिन्यांनी मात्र असा एक वाद उठला की, ज्याचा खेळाशी संबंध नव्हता आणि तरीही सर्व संबंध होता. ऑक्टोबर २०१७ मध्ये डब्लिनमधील एका हॉटेलात कूपरच्या गौरवार्थ मेजवानी ठरली. एका पानाचे मोल ५०० युरो. जमलेल्या रकमेतील काही भाग रुग्णसेवेच्या कार्यास जाणार होता, उरलेला कूपरला. व्यावसायिक फुटबॉलमध्ये अशा गौरवनिधीचे कोणास नवल वाटले नसते. येथे मात्र घराघरांत मतभेद झाले. एक पक्ष म्हणाला, ज्याने पंधरा वर्षे दिली, गुडघा दिला, त्याला कृतज्ञतेने काही मिळाले तर बिघडले कोठे? संस्थेची तिजोरी त्याच्याच खेळाने भरली होती. दुसरा पक्ष म्हणाला, आज कूपर, उद्या कोण? जो परगणा कधी जिंकत नाही, तेथील खेळाडूही तितकाच घाम गाळतो. त्याच्यासाठी कोण पान मांडणार? आणि गावातल्या पोरांना रोज संध्याकाळी फुकट शिकवणाऱ्या माणसाचे काय?

दोन्ही पक्ष खरे बोलत होते, म्हणूनच तो वाद मोलाचा. आमचे मत विचाराल तर त्या मेजवानीत आम्हांस अप्रतिष्ठेचे काही दिसत नाही. प्रौढ माणसांनी राजीखुशीने दिलेला पैसा तो. परंतु दुसऱ्या पक्षाच्या मनातील भीती आम्हांस अधिक जवळची वाटते. विनावेतन चालणारे कार्य एका अलिखित समजुतीवर उभे असते : येथे कोणीच घेत नाही, म्हणून प्रत्येकजण देतो. त्या समजुतीला कायद्याचे बळ नसते. तिला पहिली चीर कोठे पडेल हे सांगता येत नाही, आणि पडल्यावर ती कोणत्याही ठरावाने बुजत नाही. ज्यांनी आपल्या गावी मराठी ग्रंथालय, नाट्यमंडळ किंवा गणेशोत्सव वर्षानुवर्षे पदरमोड करून चालवला आहे, त्यांना हे विस्ताराने सांगण्याची गरज नाही.

मातृभूमीपासून दूर राहूनही अशी समजूत टिकते, याचे प्रत्यंतर याच खेळात आहे. पोटासाठी देशोदेशी गेलेल्या आयरिश लोकांनी आपला चेंडू बरोबर नेला. १९४७ साली तर अजिंक्यपदाचा अंतिम सामनाच न्यूयॉर्कमध्ये झाला. त्यात कॅव्हनने केरीला हरवले, आणि अटलांटिकपलीकडचे त्याचे वर्णन आयर्लंडमधील लोकांनी रेडिओभोवती बसून ऐकले. आजही लंडन आणि न्यूयॉर्क येथील संघ कॉनॉट प्रांताच्या स्पर्धेत परगण्यांच्या बरोबरीने उतरतात. न्यूयॉर्कचा संघ कित्येक वर्षे हरतच होता. तरी तो दरवर्षी उभा राहिला. आणि ८ एप्रिल २०२३ रोजी लीट्रिमविरुद्ध त्याने त्या स्पर्धेतला पहिला विजय मिळवला. इतकी वर्षे हरूनही संघ मोडला नाही, याचे श्रेय कोणा एका थोर खेळाडूला देता येणार नाही. ते गणवेश धुणाऱ्यांचे, वर्गणी गोळा करणाऱ्यांचे, मुलांना मैदानावर पोहोचवणाऱ्यांचे आहे.

मग थोर खेळाडूचे देणे ते कोणते? आमच्या मते तो त्या निनावी श्रमांना एक चेहरा देतो. कूपर चेंडू घेऊन वळला की किलार्नीच्या प्रत्येक माणसास वाटे, यात आपलाही काही वाटा आहे; आणि तो वाटा खरोखरच होता. आठ वर्षांच्या मुलाला १९९२ मध्ये संघाचा हात धरून मैदानावर नेणारे कोणीतरी होतेच ना?

कूपर गेला आणि दुसऱ्याच वर्षी, २०१८ मध्ये, डेव्हिड क्लिफर्ड हा एकोणीस वर्षांचा तरुण केरीच्या अजिंक्यपदाच्या सामन्यांत उतरला. त्याच्या काळात केरीने २०२२ आणि २०२५ ही दोन अजिंक्यपदे मिळवली. तोही विनावेतन खेळतो, आणि पोटासाठी शाळेत शिकवतो. केरीतील वडीलधारी मंडळी आता हा मोठा की गूच मोठा, यावर हिरीरीने भांडतात. त्यांना भांडू द्यावे. ज्या गावात असा वाद घालायला दोन पिढ्यांची माणसे एकत्र बसतात, तेथील मैदान ओस पडण्याची धास्ती आम्हांस वाटत नाही.