आमच्या नावाने दोर वळू नका

महाराष्ट्र विधिमंडळाच्या सर्वपक्षीय सदस्यांना,

अत्याचाराची पुढची बातमी येईल, चौकात मेणबत्त्या लागतील आणि तुमच्यापैकी कुणीतरी माईक हातात घेऊन ‘नराधमाला फाशी’ म्हणून गर्जना करील. म्हणून आधीच बजावतो: बायकांच्या नावाने ती मागणी करू नका.

डिसेंबर 2021 मध्ये फाशीची तरतूद असलेलं शक्ती विधेयक तुम्ही दोन्ही सभागृहांत मंजूर केलंत. राष्ट्रपतींची संमती त्याला मिळाली नाही, ते बरंच झालं. न्यायमूर्ती वर्मा समितीने 2013 मध्येच, अवघ्या 29 दिवसांत अहवाल लिहून सांगितलं होतं: बलात्काराला फाशी नको आणि त्या गुन्ह्यातून नवऱ्याला दिलेली सूट काढा. ती सूट भारतीय न्याय संहितेच्या कलम 63 मध्ये आजही शाबूत आहे. परक्यासाठी दोर, नवऱ्याला मात्र कायद्याचं छत्र!

राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाची आकडेवारी काढून बघा. दहातले नऊहून अधिक आरोपी मुलीच्या ओळखीतले असतात. पोरगी बोलली तर चुलता फासावर जाणार, हे कळल्यावर घरातले आधी तिचंच तोंड दाबतील. आणि मारलं तरी फाशी, सोडलं तरी फाशी, तर एकुलत्या एक साक्षीदाराला जिवंत कोण ठेवील?

आम्ही गुन्हेगारांचे कैवारी नाही. त्यांनी जन्मठेप पुरती भोगावी. पण त्यासाठी आधी गुन्हा नोंदवला गेला पाहिजे आणि कोर्टात टिकला पाहिजे. देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात 1972 साली एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला आणि अंगावर जखमा नाहीत असं कारण देत सर्वोच्च न्यायालयाने दोन पोलिसांना सोडलं. तेव्हा काय दोराची टंचाई होती? बदलापुरात 2024 मध्ये चिमुरड्यांच्या पालकांना तक्रारीसाठी तासन्‌तास ताटकळावं लागलं.

अशी तक्रार नोंदवून न घेणाऱ्या अधिकाऱ्याला किमान सहा महिने सक्तमजुरी, हा कायदा 2013 पासून आहे; आज तो संहितेच्या कलम 199 मध्ये आहे. हे कलम किती जणांवर लावलं? किती जण आत गेले? जिल्हावार आकडा येत्या हिवाळी अधिवेशनाच्या शेवटच्या दिवसापर्यंत सभागृहाच्या पटलावर आला पाहिजे. पीडितांना अर्थसाहाय्य देणाऱ्या मनोधैर्य योजनेत अडकलेल्या अर्जांचा हिशेब सोबत हवा. आणि ‘शक्ती’ नाव बदलून पुन्हा आणणार नाही, हे सरकारने सभागृहात सांगावं.

हे झालं नाही, तर अधिवेशनावर नागपूरच्या यशवंत स्टेडियमवरून निघालेला आमचा मोर्चा शिष्टमंडळाला मिळालेल्या पाच मिनिटांवर समाधान मानून परतणार नाही. तुमच्या मतदारसंघातल्या ठाण्यांनी परत पाठवलेल्या तक्रारींची यादी, बायकांची नावं झाकून, तुमच्याच कार्यालयाच्या दारावर लागेल. उच्च न्यायालयात याचिका जाईल. मतं मागायला याल तेव्हा भर सभेत तीच यादी वाचली जाईल.

उत्तर लेखी द्या. फोनवरचं ‘बघतो ताई’ आता चालणार नाही.