पावनखिंडीला निघण्याआधी

आषाढी पौर्णिमा तोंडावर आली आहे. पन्हाळा ते पावनखिंड मोहिमांच्या जाहिराती फोनवर फिरत आहेत, टी-शर्ट छापायला गेले आहेत, बसगाड्याही ठरल्या आहेत. नावनोंदणी अजून सुरू आहे, तोवरच सर्व आयोजकांना आणि भटक्यांना कळकळीचे आवाहन: तुकड्या लहान करा, आणि जमत असेल तर तारीखच बदला.

आपण चालतो त्याच दिवसांत कुंभारवाडी, खोतवाडी, मांडलाईवाडी, करपेवाडी, आंबेवाडी या वाड्यांमध्ये रोपलावण चालू असते. चिखल करून खाचरात पाणी अडवलेले असते आणि पायवाट बऱ्याच ठिकाणी बांधावरून जाते. वीस-पंचवीस माणसे गेली तर बांध सोसतो. त्याच बांधावरून पाचशे बूट गेले की कड ढासळते, पाणी खालच्या खाचरात उतरते आणि कालच लावलेले रोप उघडे पडते. आपण तोवर खिंडीत फोटो काढत असतो. इकडे घरची माणसे पुन्हा चिखलात उतरून बांध घालतात. नुकसानीचे पैसे मागायला कुणी आपल्या मागे येत नाही, म्हणून आपल्याला ते कळतही नाही.

‘त्याच तिथीला, त्याच पावसात चाललो नाही तर अर्थ काय?’ हा प्रश्न समजण्यासारखा आहे. 1660 च्या जुलैत पन्हाळ्याला पडलेला सिद्दी जौहरचा वेढा चुकवून शिवाजी महाराज याच वाटेने विशाळगडाकडे निघाले आणि बाजीप्रभूंनी बांदलांच्या मावळ्यांसह घोडखिंड, म्हणजे आजची पावनखिंड, अडवून धरली. पण ती सारी चाल गुपचूप निसटण्यावर आणि वेगावर उभी होती. तिच्या स्मरणाला आपण ढोल आणि स्पीकर घेऊन निघतो, हे जरा अजबच! ज्यांना पावसातच जायचे आहे त्यांनी तीसच्या आत माणसे ठेवावीत, स्थानिक वाटाड्या घ्यावा, आणि तो बांध सोडून वळसा घ्या म्हणाला तर मुकाट घ्यावा. बाकीच्यांनी भातकापणी उरकल्यावर, डिसेंबरात यावे. धुके नसले की मसाई पठारावरून मुलूख दूरवर दिसतो, पांडवदऱ्याची लेणीही निवांत पाहता येतात.

वाड्यांचे पिण्याचे पाणी झऱ्यांचे आहे. शौचाला ओढ्यापासून, झऱ्यापासून लांब जा, खड्डा करा, बुजवा. हे लिहायला संकोच वाटतो, पण पहाटे शेकडो माणसे एकाच ओढ्याकाठी बसणार असतील तर लिहावेच लागते. पत्रावळ्या, थर्माकोल, प्लास्टिकचे ग्लास नकोत. ताट-वाटी आपली आपण पाठीवर घ्या. शहरातून आचारी आणण्यापेक्षा जेवण वाडीतच सांगा, दर आधी ठरवा, पैसे त्याच दिवशी हातात द्या. लावणीच्या दिवसांत चारशे माणसांचा स्वयंपाक कुठल्याही घराला झेपणार नाही. तुकडी लहान हवी त्याचे हेही एक कारण. वाट दाखवायला झाडांना बांधलेल्या प्लास्टिकच्या फिती शेवटच्या माणसाने सोडून आणाव्यात. पठारावर गाड्या चढवू नका. खिंडीतल्या ओढ्याला पाणी चढले असेल तर खाली उतरू नका, वरूनच मुजरा करा.

ज्यांनी पैसे भरले आहेत त्यांनी आयोजकाला आजच विचारावे: एकूण माणसे किती, जेवण कुणाच्या घरी, कचरा कोण परत आणणार आणि बांध फुटला तर भरून कोण देणार? सरळ उत्तर मिळाले नाही तर पैसे परत मागावेत.