आधी कारण, मग घण



जन्मभर व्याकरण शिकवलेल्या मास्तराने ट्रकच्या ब्रेक ड्रमवर लिहावं, याचं आमच्या घरच्यांना हसू येईल. येऊ द्या. माझे काही जुने विद्यार्थी गॅरेजमध्ये आहेत. त्यांच्याकडे बसून माझं एक मत झालं आहे. अडकलेला ड्रम काढायला ताकदीपेक्षा वेळ जास्त लागतो, आणि तो वेळ ट्रकमालकाने दिला पाहिजे.

बरेच दिवस उभ्या असलेल्या जुन्या ट्रकचा ड्रम बहुधा तीन कारणांनी अडकतो. एक, गंज. ड्रम हबवर जिथे बसतो तिथे गंजाने दोघं एकजीव होतात. दोन, झीज. लायनर घासून ड्रम आतून खोलगट होतो, कडेला काठ उरतो आणि ओढताना शू त्या काठाला अडतात. तीन, लागलेला ब्रेक. हवेच्या ब्रेकच्या अनेक ट्रकमध्ये टाकीतली हवा गेली की पार्किंग ब्रेकची स्प्रिंग शू दाबून धरते.

कारण कळलं की उपाय सोपा. बाकीच्या चाकांना ठोकळे लावायचे, ट्रक नुसत्या जॅकवर न ठेवता घोडीवर टेकवायचा. काठ असेल तर अ‍ॅडजस्टर उलटा फिरवून शू आत घ्यायचे. स्प्रिंग असेल तर टाकीत हवा भरायची. ब्रेकचा चेंबर मात्र उघडायचा नाही, आतली दाबलेली स्प्रिंग सुटली तर जीव जातो. गंज असेल तर गंज सोडवणारं तेल रात्रभर मुरू द्यायचं. ड्रमला आट्यांची भोकं असतील तर त्यांत बोल्ट घालून आळीपाळीने थोडे थोडे पिळायचे.

पण मालक म्हणतो, "गाडी उभी तर हप्ता कोण भरणार? संध्याकाळपर्यंत द्या." त्याचंही खोटं नाही. मग मात्र घण निघतो. ड्रम असतो बिडाचा, आणि बीड ठिसूळ. काठावर घाव बसला की तडा जाऊ शकतो. तोच ड्रम परत चढला आणि गाडी भरून खंबाटकीच्या उतारावर निघाली, की तापलेल्या ड्रममधला तडा वाढत जातो. पुढे काय होईल ते मी लिहायला नको.

दुसरी गोष्ट धुळीची. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असायचं. ते फुप्फुसात गेलं की कॅन्सर होऊ शकतो, आणि कळतं ते कित्येक वर्षांनी. घाईत हवेचा पाइप मारून ड्रम साफ केला जातो, आणि तिथे वाकलेलं असतं ते सोळा-सतरा वर्षांचं पोर. धूळ उडवू नये, ओली करून फडक्याने पुसावी. एवढं करायला कितीसा वेळ लागतो?

ट्रकचा एक दिवस बुडाला तर पुढच्या महिन्यात भरून निघतो. त्या पोराची फुप्फुसं कशी भरून निघणार? म्हणून मिस्त्री "उद्या या" म्हणाला, तर त्याला कामचुकार समजू नका. तो बहुधा आपलं काम नीट करतो आहे.

असो. आपल्यापैकी कुणाच्या घरी ट्रकचा धंदा असेल, तर त्यांचं मत वाचायला आवडेल.