मोटार का रुसली?

मुलांनो, सातारा जिल्ह्यातल्या तापोळ्याला किंवा बामणोलीला गेलात, की समोर शिवसागर पसरलेला दिसतो. कोयना धरणामुळे तयार झालेला हा जलाशय जवळजवळ ५० किलोमीटर लांब आहे. आपल्याला तिथली बोट म्हणजे गंमत वाटते. पण काठावरच्या कितीतरी गावांना बोट म्हणजे एस.टी.च!

आणि सांगलीचा महापूर आठवतोय? ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं. तिथली धोक्याची पातळी आहे ४५ फूट! तेव्हा जवानांनी बोटींतून माणसांना घराबाहेर काढलं. अशा बोटीच्या मागच्या फळीला बाहेरून जी मोटार अडकवतात, ती आऊटबोर्ड मोटार. अमेरिकेत ओले इव्हिनरूड या माणसाने १९०९ साली अशी मोटार विकायला काढली आणि ती जगभर पोहोचली.

पण मोटार जुनी झाली, की रुसते. भर पाण्यात रुसली तर? म्हणूनच तिचा रुसवा काठावरच ओळखावा लागतो.

तुम्हाला खोकला झाला, तर डॉक्टर आधी घसा बघतात, ताप बघतात. एकदम ऑपरेशन करत नाहीत! चांगला मेकॅनिकही तसाच. सोपं आधी, अवघड नंतर.

समजा, मोटार झटकन सुरू झाली, पाच-दहा मिनिटं छान चालली, मग मलूल होऊन बंद पडली. जरा थांबलं की पुन्हा सुरू! चोर कुठे असेल? पुष्कळदा तो टाकीच्या झाकणावर असतो. जुन्या टाकीच्या झाकणाला हवेचा एक छोटा स्क्रू असतो. तो उघडायचा राहिला, की पेट्रोल गेलं तरी त्या जागी हवा येत नाही आणि पुढचं पेट्रोल अडतं. खोटं वाटतं? प्लॅस्टिकच्या बाटलीला तळाशी एक बारीक भोक पाडा, पाणी भरा आणि झाकण घट्ट लावा. धार थांबेल. झाकण सैल करा, धार सुरू!

मोटार सुरूच होत नसेल, तर प्लग काढून बघतात. टोक फिकट तपकिरी असेल तर ठीक. काळं, ओलं, तेलकट असेल तर ठिणगी नीट पडत नाही. पेट्रोल कित्येक महिन्यांचं असेल, तर कार्बुरेटरच्या बारीक भोकात चिकट थर बसतो.

मोटार मोठ्याने ओरडते, पण बोट हलत नाही? मग मोटार बंद करून पंखा बघायचा. जलपर्णी, जाळ्याची दोरी किंवा आपणच फेकलेली पिशवी त्यात अडकलेली असते.

चालू मोटारीच्या मागून पाण्याची बारीक पिचकारी उडते, ती पाहिलीत? आतून गार करून आलेलं ते पाणी असतं. ती थांबली, की मोटार तापू लागली असं समजायचं.

यातला सर्वांत मोठा नियम असा: एका वेळी एकच बदल! प्लग, पेट्रोल, कार्बुरेटर सगळं एकदम बदललं आणि मोटार चालली, तर चोर कोण ते कळणारच नाही. गणित चुकलं, की आपण एकेक पायरी तपासतो ना? अगदी तसंच.

मात्र मोटार उघडायचं काम मोठ्यांचं. पेट्रोल आणि पंखा, दोन्हींशी खेळ नको. तुमचं काम वेगळं. बोटीत बसताना लाइफ जॅकेट घालायचं, आणि वल्हं बरोबर आहे ना, ते विचारायचं.

आता एक कोडं. बोट जोरात चालली आहे, पण पिचकारी थांबली आहे. काठ अजून लांब आहे. नावाडीकाकांनी आधी काय करावं? आई-बाबांना विचारण्याआधी स्वतः विचार करा बरं!