फुकट रिपोर्ट, जळकी मोटर

गेल्या मंगळवारी सदरकाराच्या घरचं पाणी नापास झालं.

ते नापास करायला गळ्यात ओळखपत्र अडकवलेला विशीतला एक मुलगा आला होता. "काका, फ्री वॉटर रिपोर्ट आहे, घ्यायचं काहीच नाही," असं म्हणत तो थेट स्वयंपाकघरात पोचला. त्यानं दोन पेले मागितले. एकात त्याच्या बाटलीतलं पाणी, दुसऱ्यात नळाचं. चार सळ्यांचं एक यंत्र दोन्ही पेल्यांत बुडवून त्यानं प्लग लावला. अर्ध्या मिनिटात नळाच्या पाण्यात तपकिरी गाळ उसळला, म्हशी बसल्यावर डबक्याचं होतं तसं. शेजारचा पेला मात्र होता तसाच. मग छापील रिपोर्ट बाहेर आला. टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, ३१०, आणि त्याखाली लाल अक्षरांत 'धोकादायक'.

आता खरी गोष्ट. त्या सळ्यांत काही लोखंडाच्या असतात. क्षार असलेल्या पाण्यातून वीज वाहते, लोखंड झिजतं आणि दिसतो तो गंज. त्याच्या बाटलीतलं पाणी आरओ यंत्रातून गाळलेलं. त्यात क्षार फारसे उरलेले नसतात, म्हणून तिथं काही घडत नाही. भारतीय मानक आयएस १०५०० सांगतं की पिण्याच्या पाण्यात लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत टीडीएस चालतो. दुसरा स्रोतच नसेल, तर २,००० पर्यंत मुभा आहे. राष्ट्रीय हरित लवादानं तर २०१९ साली, टीडीएस ५०० च्या आत असेल तिथं आरओ वापरायला बंदी घाला, असं केंद्र सरकारला सांगितलं होतं. म्हणजे ३१० वालं पाणी उत्तीर्ण झालं होतं. नापास असलीच तर ती सळी.

हे सदरकाराला तेव्हा सुचलं नाही. मोफत हाडं-तपासणी शिबिरातून चार हजारांच्या गोळ्या घेऊन परतण्याचा त्याचा पराक्रम नेहमीच्या वाचकांना ठाऊक आहेच. सुचलं ते भाच्याला. त्यानं मीठदाणीतली चिमूट त्या 'शुद्ध' पेल्यात टाकली आणि म्हणाला, "आता लाव." शुद्ध पाणीही तपकिरी झालं. मुलगा गप्प राहिला. मग सळ्या पुसता पुसता म्हणाला, "आम्हाला ट्रेनिंगमध्ये असंच शिकवलंय, काका." त्याला चहा देण्यात आला. दिवसाला वीस घरं करायची असतात म्हणे.

तो गेल्यावर भाचा बराच वेळ त्या दोन पेल्यांकडे बघत बसला. याला कारण होतं. गेले काही महिने तोही हाच धंदा करत होता. म्हणजे सळ्या घेऊन नव्हे. पुण्यात मार्केटिंग शिकून तो सांगलीत परतला आहे, आणि इथल्या दुकानदारांनी आपापल्या धंद्यातली उपयोगी माहिती छापून गिऱ्हाइकांना फुकट द्यावी, हे त्यांना पटवत हिंडतो आहे. त्याच्या पुस्तकात याला 'लीड मॅग्नेट' म्हणतात. सदरकार त्याला लोहचुंबक म्हणतो. माणूस माहितीला चिकटतो, मग दुकानाला चिकटतो, अशी एकूण योजना.

पहिली अडचण शब्दाचीच आली. तो दुकानात जाऊन म्हणायचा, "तुम्ही फ्री रिपोर्ट द्या." एका दुकानदारानं विचारलं, "कशाचा, शुगरचा?" सांगलीकडं रिपोर्ट हा लॅबमधून येतो आणि तो आला की घरात दबक्या आवाजात बोलतात. रिपोर्ट वाचून कुणी आनंदानं खरेदीला निघाल्याचं ऐकिवात नाही. शेवटी त्यानं 'माहितीपुस्तक' हा शब्द घेतला आणि दारं निदान अर्धी तरी उघडायला लागली.

सराफानं त्याला बसवून घेतलं, पाणी दिलं, ऐकून घेतलं. "आम्ही देतो की फुकट. कॅलेंडर देतो, बटवा देतो." भाचा म्हणाला, हॉलमार्क कसा वाचायचा ते छापू: दागिन्यावरचा ९१६ म्हणजे काय, सहा अक्षरी-अंकी एचयूआयडी म्हणजे काय, तो बीआयएस केअर अ‍ॅपवर कसा तपासायचा. सराफ म्हणाले, "छापा की. सरकारच सांगतंय सगळ्यांना." मग भाचा उत्साहात पुढं बोलला, "आणि दुसऱ्या पानावर घडणावळ कशी लावतात, मोडीला घट किती धरतात..." सराफांनी गुमास्त्याला हाक मारली आणि एक कॅलेंडर, एक बटवा देऊन त्याला सन्मानानं पायऱ्यांपर्यंत पोचवलं.

हा अनुभव त्याला रस्ताभर आला. दुकानदार कंजूष नाहीत. दिवाळीला मिठाई देतात, वर्षाला कॅलेंडर देतात, लग्नाच्या बस्त्याला चहा-नाश्ता देतात. फक्त जे त्यांना येतं ते द्यायला जीव कचरतो. सगळं सांगितलं तर गिऱ्हाईक येईल कशाला, हा प्रश्न भाच्याला नऊ दुकानांत नऊ प्रकारे विचारला गेला. त्याच्याकडं उत्तर एकच, आणि तेही फ्रान्समधलं. १९०० साली मिशेलिन बंधूंनी मोटारवाल्यांसाठी एक पुस्तिका काढली आणि फुकट वाटली. तीत नकाशे, पेट्रोल कुठं मिळेल, टायर कसा बदलायचा, कुठं उतरायचं, असं सगळं होतं. तेव्हा फ्रान्सभर मोटारी जेमतेम तीन हजार, आणि पुस्तिकेच्या प्रती पस्तीस हजार. लोक हिंडले की टायर झिजतील, एवढाच हिशेब. रेस्टॉरंटांना तारे देणारं आजचं मिशेलिन गाइड ते हेच. हे ऐकून एक कापडवाले म्हणाले होते, "छान आहे. पण आमच्याकडं टायर नाहीत."

सदरकारानं तेव्हा भाच्याला सुनावलं, की फ्रान्सला कशाला जातोस, मिरजेहून पुण्याच्या गाडीत बस आणि तासाभरात उतर. किर्लोस्करवाडी. बेळगावात सायकलचं दुकान चालवणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर केला, तेव्हा तो कुणी घेईना. लोखंडानं जमीन विषारी होते, अशी समजूत होती. औंधच्या राजांनी कुंडलजवळ माळरान दिलं, १९१० साली कारखाना तिथं आला, तरी शेतकऱ्याचं मन वळवणं उरलंच होतं. लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव हे चित्रकार माणूस, कारखान्याच्या जाहिरातीचं काम बघायचे. त्यांनी १९२० साली 'किर्लोस्कर खबर' सुरू केलं. कारखान्याची बातमी, मालाची माहिती, असं ते पत्रक. पण शंकररावांचं मन नांगराच्या फाळावर थांबणारं नव्हतं. पानं वाढली, कथा आल्या, चित्रं आली, समाजसुधारणा आली. पुढं नावातलं 'खबर' गळून नुसतं 'किर्लोस्कर' राहिलं, १९३० ला 'स्त्री' निघालं, १९३४ ला 'मनोहर'. विधवांच्या प्रश्नापासून बुवाबाजीपर्यंत मराठी घरांत जी भांडणं झाली, त्यांतली कितीतरी या मासिकांनी लावून दिली. सदरकाराच्या आजीकडं 'स्त्री'चे बांधीव अंक होते, ती ते सोवळ्यातल्या कपाटात ठेवायची आणि आजोबा बाहेर गेले की वाचायची. त्या अंकांचं मूळ नांगराच्या जाहिरातीत आहे, हे तिला कुणी सांगितलं असतं तर तिनं ते खोटं ठरवलं असतं.

गंमत म्हणजे अमेरिकेतही हे आधी नांगरवाल्यालाच सुचलं. जॉन डियर कंपनीनं १८९५ साली 'द फरो' नावाचं शेतीचं नियतकालिक काढलं, म्हणजे आपल्या भाषेत 'तास', आणि ते अजून निघतं. नांगर विकणाऱ्यालाच हे का सुचावं? कदाचित नांगर रोज विकला जात नाही म्हणून. एकदा घेतला की शेतकरी पुन्हा दुकानात यायला वर्षं जातात. तेवढ्या काळात त्याच्या घरात आपलं काहीतरी पडलेलं असावं.

भाच्यानं हे मनावर घेतलं आणि तो थेट मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात शिरला.

मार्केट यार्डाच्या बाजूला आहे हे दुकान. दाराशी जळक्या मोटरींचा ढीग, आत तांब्याच्या तारेची रिळं आणि वॉर्निशचा वास. मिस्त्रींना तीस वर्षांचा अनुभव. जळकी गुंडाळी बघून ते डॉक्टरसारखं निदान करतात: थोडा भाग काळा आणि बाकीचा कोरा असेल तर फेज गेली होती, सगळी सारखी काळी असेल तर लोड जास्त किंवा व्होल्टेज कमी. शेतातली लाइन कधी दिवसा, कधी रात्री. रात्री विहिरीवर जायला नको म्हणून शेतकरी मोटर आपोआप चालू करणारा ऑटो लावून झोपतो. लाइन येते, पण तिघींतली एक फेज येत नाही, मोटर गुरगुरत उभी राहते आणि सकाळपर्यंत जळते. सिंगल फेज प्रिव्हेंटर नावाची वस्तू हे थांबवते. ती स्टार्टरमध्ये असते, आणि सारखी ट्रिप होते म्हणून शेतकऱ्यानं ती डायरेक्ट करून टाकलेली असते.

भाचा म्हणाला, "मिस्त्री, हेच छापू. मोटर का जळते."

मिस्त्रींनी त्याच्याकडं, मग दाराशी असलेल्या ढिगाकडं, मग पुन्हा त्याच्याकडं बघितलं. "आन् मी काय खाऊ?"

इतका सरळ प्रश्न नऊ दुकानांत कुणी विचारला नव्हता. सराफानं बटव्यात घालून दिलेलं उत्तर मिस्त्रींनी उघड्यावर ठेवलं होतं. भाच्यानं विश्वास, नातं, ब्रँड असं काहीबाही सांगितलं. मिस्त्री ऐकत तार गुंडाळत राहिले. काम झालं ते भलत्याच कारणानं. सदरकार कोपऱ्यात बसून उधारीची वही चाळत होता (ही त्याची खोड जुनीच, परवानगी न विचारता दुसऱ्याचं वाचणं). वहीत पान पान रिवाइंडिंग, आणि प्रत्येक नावापुढं 'ऊस बिल'. साखर कारखान्यानं उसाचे पैसे १४ दिवसांत द्यावेत असा कायदा १९६६ पासून आहे. ती वही तो कायदा गृहीत धरून लिहिलेली नव्हती. रोखीचं काम एकच दिसत होतं: बेअरिंग बदललं, बुश बदलला, ग्लँड भरली, अशी बारीक दुरुस्ती. तीनशे, पाचशे, सगळं जमा.

"मिस्त्री, चालती मोटर आणणारा रोख देतो, आणि जळकी आणणारा?"

"शिव्या देतोय," मिस्त्री म्हणाले. "मागल्या साली तुम्हीच भरलीती म्हणतोय. आन् पैसं उसावर." तार थांबली. "लिवा मग. पर मी सांगतो तसं लिवायचं."

पुढचे तीन आठवडे सदरकार शुद्धलेखनाला जुंपला गेला. भाच्यानं कंप्युटरवरून 'विद्युतप्रवाहातील असंतुलन' आणलं होतं. मिस्त्री म्हणाले, "तीन बहिणी घागर उचलत्यात. एक सोडून गेली की दोघींची कंबर जाती. असं लिवा." तसंच लिहिलं. सदरकारानं एके ठिकाणी 'मोटार' केलं, तर मिस्त्रींनी पेन काढून घेतलं. "मोटार रस्त्यावर पळती. हिरीवर असती ती मोटर." साहित्य महामंडळानं नोंद घ्यावी.

सोळा पानं झाली. आवाज बदलला तर काय समजायचं, फूट व्हॉल्व्ह गळतोय हे कसं ओळखायचं, कोरडी मोटर का चालवू नये, प्रिव्हेंटर डायरेक्ट केला तर पैसे कुठं जातात. शेवटच्या पानावर दुकानाचा पत्ता, तोही लहान. भाच्याला तो मोठा हवा होता. मिस्त्री म्हणाले, "मोटर जळाल्यावर बरोबर सापडतोय पत्ता."

छापखान्यात वेगळाच पेच पडला. कव्हरवर देव नसेल तर पुस्तक रद्दीत जाईल, असं छापखानेवाले म्हणाले. त्यांचा अनुभव कॅलेंडरांचा. देवाचं चित्र असलं की माणूस फाडत नाही. मिस्त्रींनी जोतिबा सुचवला. भाचा म्हणाला, देव छापला तर शेतकरी ते देवघरात ठेवेल आणि आपल्याला ते विहिरीवर, स्टार्टरच्या पेटीशेजारी, तेलकट हातांत हवं आहे. यावर अर्धा दिवस चर्चा झाली. तोडगा असा निघाला की कव्हरवर स्टार्टरचं चित्र, आतल्या पानावर जोतिबा, आणि कोपऱ्यात भोक पाडून सुतळी. पाचशे प्रती.

पहिल्या आठवड्यात साठेक गेल्या. एकजण चालती मोटर घेऊन आला आणि म्हणाला, आवाज पुस्तकात लिहिलाय तसा येतोय. बेअरिंग निघालं, रोख पैसे मिळाले. दुसऱ्यानं विचारलं, "औंदा कॅलेंडर नाही का?" ढीग अजून दाराशी आहेच, आणि त्यात नव्या तीन मोटरी पडल्या आहेत. त्यांतल्या एकीच्या मालकाकडं पुस्तक होतं. सुतळी काढून त्यानं कोंबडीच्या खुराड्याचं दार बांधलं होतं, हे त्यानं स्वतःच सांगितलं.

पाण्याच्या रिपोर्टचं पुढं काय झालं, असं विचारणाऱ्यांसाठी: तो फ्रिजवर चुंबकाखाली लावलेला आहे. 'धोकादायक' आतल्या बाजूला, कोरी बाजू बाहेर. तिच्यावर सध्या सदरकाराची बायको दुधाचा हिशेब लिहिते.